घराची किंमत आणि घराचे मोल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या स्नेहसंमेलनात आम्ही चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि विषयही मंडळानेच नेमून दिला. गेल्या वर्षभरात मंडळाच्या कचेरीत आलेल्या पत्रांत वधूवरविषयक पत्रांच्या खालोखाल भरणा घरांविषयीच्या पत्रांचा होता, असे चिटणीसांनी आम्हांस सांगितले. कोणी विचारतात, चाळीतील खोली विकासकाच्या हवाली करावी की नाही. कोणी विचारतात, वडिलांच्या घराचे चार भावंडांत वाटे कसे करावेत. आणि कोणी केवळ एवढेच विचारतात की, मुलाचे लग्न ठरले आहे, त्याला परवडेल अशी जागा मुंबईत कोठे आहे काय? आम्ही कायदेपंडित नाही, की घरबांधणीच्या धंद्यातीलही नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे हिशेबनिसाची नोकरी केली आणि आपणां बहुतेकांप्रमाणे जागेच्या विवंचनेत बरेच दिवस काढले. एवढ्याच अधिकारावर आज बोलणार आहोत.

प्रथम एक अनुभव सांगतो. गेल्या पाडव्यास दादर येथे एका वृद्ध स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. सहकारी संस्थेतील दोन खोल्यांचे घर त्यांनी तरुणपणी पगारातून हप्ते भरून घेतले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "खालच्या मजल्यावरची एवढीच जागा परवा दोन कोटींस गेली. म्हणजे आम्हीही आता कोट्यधीशच म्हणायचे!" ते हसत होते, तोच वहिनींनी आतून विचारले, "अहो, संस्थेचा वाढीव देखभाल खर्च भरायचा आहे. ठेवीचे व्याज जमा झाले का?" आमचे स्नेही गप्प झाले. घरी परतताना आम्ही सारखा एकच विचार करीत होतो. ज्याचे घर दोन कोटींचे झाले, त्याला महिन्याचा खर्च भागविण्यासाठी व्याजाची वाट का पाहावी लागते?

हिशेबनिसाच्या सवयीने आम्ही तो जमाखर्च मांडून पाहिला. समजा, या गृहस्थांनी घर दोन कोटींस विकले. त्याच वस्तीत, तेवढेच घर पुन्हा घ्यावयाचे तर त्यालाही दोन कोटीच पडणार. त्यावर मुंबईत सर्वसाधारणपणे ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे १२ लाख रुपये, आणि नोंदणीचे ३० हजार रुपये. घर स्त्रीच्या नावे घेतले तर शुल्कात १ टक्क्याची सवलत मिळते, एवढेच. दलाली आणि सामानाची ने-आण वेगळी. म्हणजे दोन कोटींचे घर विकून दोन कोटींचेच घर घेणारा गृहस्थ बारा-तेरा लाखांनी गरीब होतो. नवे घर घेतले असता भांडवली नफ्यावरील करात सूट मिळू शकते हे खरे. परंतु रक्कम हाती ठेवावी म्हटले तर कर भरावा लागतो. २३ जुलै २०२४ पासून हा दर साडेबारा टक्के झाला असून, त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांच्या बाबतीत महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांचा पर्याय निवडण्याची मुभा व्यक्तीस ठेवलेली आहे.

या जमाखर्चातून एकच गोष्ट निष्पन्न होते. राहत्या घराची वाढलेली किंमत घरधन्याच्या हाती तेव्हाच पडते, जेव्हा तो त्या वस्तीचा निरोप घेतो. वस्तीत राहील तोवर ती किंमत केवळ कानांनी ऐकावयाची. दुसरे घर असलेल्यास, किंवा घर हाच ज्याचा व्यापार आहे त्यास, भाववाढ म्हणजे नफा होय. परंतु ज्याचे एकच घर आहे आणि ज्याला तेथेच राहावयाचे आहे, त्याच्या ताटात त्या भाववाढीने एक पोळीही वाढत नाही. उलट खर्च मात्र वाढू शकतो. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आकारला जातो. म्हणजे शेजारची घरे महाग विकली गेली, की कालांतराने त्याचे पडसाद आपल्या बिलावरही उमटतात. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना हा कर माफ झाला, ही मोठीच सोय झाली. तरी त्याहून थोडेसे मोठे घर असलेल्या सेवानिवृत्तास तिचा उपयोग नाही.

आता थोडे मागे वळून पाहू; कारण आपल्या वडीलधाऱ्यांना मुंबईत जागा मिळाली ती कशी, हे जाणल्यावाचून ती आज का सुटत आहे हे कळणार नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीची, कोंदट घरांची ही नगरी हादरली आणि १८९८ साली नगरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या. १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभारल्या. त्यांची संख्या २०७ आणि खोली साधारण १६० चौरस फुटांची. गिरगावात खाजगी मालकांच्या चाळी आणि वाड्या होत्याच. गावाहून आलेला मनुष्य प्रथम कोणा नातलगाच्या खोलीत पथारी टाकी, मग खानावळीचा आधार घेई आणि नोकरी कायम झाली की भाड्याची खोली शोधी. आपल्यापैकी किती घराण्यांचा मुंबईतील इतिहास असा एका पथारीपासून सुरू झाला, हे ज्येष्ठ मंडळींस सांगावयास नको.

याच काळात आणखी एक मार्ग निघाला, त्याचे स्मरण आज अगत्याने केले पाहिजे. १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. रावबहादूर तल्माकी हे तिचे प्रवर्तक. आपल्या देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या संस्थांपैकी ही एक होय. मध्यम स्थितीच्या नोकरदारांनी एकत्र यावे, भाग घ्यावेत, इमारत संस्थेच्या मालकीची राहावी आणि सभासदाने संस्थेचा भाडेकरू म्हणून तीत नांदावे, अशी ती योजना होती. तिच्यातील मर्म आपण ध्यानी घ्यावे. राहण्याचा हक्क सभासदाचा, मालकी सर्वांची. त्यामुळे घर ही एकट्याने बाजारात नेऊन विकावयाची वस्तू उरत नव्हती. एका ज्ञातीने स्वतःच्या गरजेतून काढलेला हा मार्ग पुढे साऱ्या देशाच्या उपयोगी पडला. ज्ञातिसंस्था सर्व समाजाच्या कामी कशी येऊ शकते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पुढे युद्धकाळात भाडी वाढू लागली, टंचाई झाली आणि १९४७ साली मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आला. सप्टेंबर १९४० मधील भाडे हे प्रमाण धरले गेले. या कायद्याने लक्षावधी कुटुंबांना गिरगाव, परळ, दादर येथे टिकवून धरले, हे उपकार नाकारता येणार नाहीत. तथापि सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. भाडे गोठले, पण चुना, विटा आणि गवंड्याची मजुरी गोठली नाही. मालकास दुरुस्ती परवडेना, त्याने ती सोडली आणि इमारती खंगत गेल्या. आपल्या ज्ञातीत अशा चाळींचे मालकही आहेत. महिन्याच्या भाड्यात जिन्याची एक पायरीही दुरुस्त होत नाही, ही त्यांची तक्रार खोटी नव्हे. शेवटी १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली, गोठविलेली भाडी कालमानाने अवाजवी ठरल्याचे म्हटले. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षास ४ टक्के भाडेवाढीस वाव दिला आणि पागडीच्या व्यवहारास कायद्याची मान्यता दिली.

भाडे रुपयांत आणि जागेची किंमत लाखांत, मग कोटींत, असे हे विपरीत दृश्य आपण पन्नास वर्षे पाहत आलो. ज्याची खोली त्याची नाही आणि ज्याची इमारत त्याला ती उपभोगता येत नाही, अशा या तिढ्यात भाववाढीने भर घातली. कारण जमिनीचा भाव जेवढा वाढला, तेवढी वर राहणाऱ्या माणसांची अडचण जमिनीच्या मालकास अधिक भासू लागली.

या सर्वांचा वस्तीवर परिणाम काय झाला, ते जनगणना सांगते. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजार होती; २०११ साली ती सुमारे ३० लाख ८५ हजार झाली. दहा वर्षांत शहरातून अडीच लाख माणसे घटली. त्याच दहा वर्षांत त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. माणसे नाहीशी झाली नाहीत. ती डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार येथे गेली. आणि ज्या मुंबईत जागा नाही म्हणून ती गेली, त्या मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आहेत, असे केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत जनगणनेच्या आधारे नमूद केले होते. घर हे राहण्यासाठी न घेता पैसा ठेवण्यासाठी घेतले जाऊ लागले, की असेच होते. तिजोरीत माणसे राहत नाहीत.

भाव का वाढतात, याविषयीही थोडे स्पष्ट बोलू. आपल्यात असे म्हणण्याची रीत पडली आहे की, अमक्या प्रांताचे लोक आले, तमक्या समाजाने जागा घेतल्या, म्हणून आपण बाहेर पडलो. आम्हांस हे पटत नाही. खोली विकत घेणारा कोणीही असो, विकणाऱ्याच्या सहीवाचून व्यवहार झाला नाही, आणि ती सही पुष्कळदा आपलीच होती. भाव वाढण्याची कारणे निराळी आहेत. जमीन थोडी आणि समुद्राने वेढलेली. घरासाठी कर्ज मिळणे पूर्वीपेक्षा सोपे झालेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबून त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिलेले. आणि रस्ते, पूल, रेल्वे यांच्या प्रत्येक सुधारणेबरोबर भोवतालच्या जागेस नवे मोल आलेले. आरे ते कफ परेड हा भुयारी मेट्रोमार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि खुद्द गिरगावच्या पोटात स्थानक झाले. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. परंतु हा मार्ग बांधला सार्वजनिक पैशातून, आणि त्यामुळे वाढणारे मोल मात्र जाणार ज्याच्या नावे जमीन आहे त्याच्याकडे. गिरगावात भाड्याने राहणाऱ्या शिक्षकास किंवा पोळी-भाजी केंद्र चालविणाऱ्या भगिनीस त्या स्थानकामुळे प्रवास सुलभ होईल. पण भाड्याचा करार संपल्यावर त्यांना तेथे राहता येईल काय, हा प्रश्न उरतोच.

तरुणांचा प्रश्न याहून बिकट आहे. ५० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४३,४०० रुपये पडतो आणि वीस वर्षांत एकूण सुमारे १ कोटी ४ लाख रुपये फेडावे लागतात. शिवाय घराच्या किमतीचा उरलेला भाग आधीच रोख उभा करावा लागतो. म्हणून आईबापांची ठेव मोडते, आजीचे दागिने मोडतात. वधूवर मेळाव्यात "मुलाचे स्वतःचे घर आहे काय?" हा प्रश्न आता पत्रिकेच्या आधी विचारला जातो. मुलींच्या पालकांस आम्ही दोष देत नाही. पण सुस्वभावी, सुशिक्षित मुलगा केवळ भाड्याच्या घरात राहतो म्हणून नाकारला जावा, आणि त्याच वेळी आपण घरांचे भाव वाढले म्हणून आनंद मानावा, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात? बापाच्या घराची किंमत वाढली तो आनंद, आणि मुलाला घर परवडेना ते दुःख, ही एकाच भाववाढीची दोन नावे आहेत.

भावंडांतील कलहाचे मूळही पुष्कळदा येथेच असते. खोली चार हजारांची होती तेव्हा "धाकट्याने राहावे, आईला सांभाळावे" असे सर्वांनी आनंदाने म्हटले. तीच खोली कोटीची झाली आणि तोच धाकटा सर्वांच्या डोळ्यांत सलू लागला. आम्ही अशा दोन घराण्यांत मध्यस्थी केली आहे. दोन्ही ठिकाणी भांडण लोभी माणसांत नव्हते. ज्यांना स्वतःची घरे घेता येत नव्हती अशा अडलेल्या माणसांत होते. म्हणून ज्येष्ठांस आमची हात जोडून विनंती आहे की, मृत्युपत्र करावे, दोन साक्षीदारांसमक्ष करावे आणि मुलामुलींस त्याची कल्पना द्यावी. सहकारी संस्थेत वारसाचे नाव लावले म्हणजे सर्व झाले, असे समजू नये. नामनिर्देशनाने संस्थेचे काम सोपे होते. इतर वारसांचा हक्क त्याने आपोआप बुडत नाही. आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा २००५ च्या दुरुस्तीपासून मुलाइतकाच आहे, हे विसरून कोणतीही वाटणी टिकणार नाही.

आता पुनर्विकासासंबंधी. जुन्या इमारती पडू द्याव्यात असे कोणीही म्हणणार नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात जुनी इमारत कोसळून तीसहून अधिक जीव गेले. पुनर्विकासातून चांगले घडू शकते, याचेही उदाहरण आपल्यासमोर आहे. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या; १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर, तेही त्याच भूमीवर. परंतु प्रत्येक ठिकाणी असे होत नाही. जुनी इमारत उतरविली, विकासकाने वर्षभर भाडे दिले, मग थांबविले आणि भूखंडावर गवत वाढले, अशी कहाणी येथे बसलेल्यांपैकी कित्येकांची आहे. म्हणून घाई करू नये. करार नोंदणीकृत असावा. तात्पुरत्या निवासाचे भाडे, बँकेची हमी आणि मुदत या तीन गोष्टी लेखी असाव्यात. प्रकल्पाची महारेरातील नोंद स्वतः पाहावी. आणखी एक गोष्ट क्वचितच विचारली जाते, ती अवश्य विचारावी: नव्या इमारतीचा दरमहा देखभाल खर्च किती येईल? उद्वाहने, पंप, पहारेकरी, वाहनतळ यांचा खर्च पुढे रहिवाशांनीच सोसावयाचा असतो. चाळीत नाममात्र भाडे भरणारे निवृत्त जोडपे मनोऱ्यात गेल्यावर काही वर्षांतच घर विकून निघून जाते, ते यामुळेच. घर मिळाले, पण त्यात राहणे परवडले नाही, तर तो पुनर्विकास घराचा झाला, घरच्यांचा झाला नाही.

येथे आम्ही स्वतःविषयी थोडे बोलण्याची परवानगी मागतो. आमचा जन्म फणसवाडीतील चाळीत झाला. वडिलांच्या पश्चात आम्ही ती खोली पागडीवर दिली, मालकाचा ठरलेला हिस्सा त्याला दिला आणि उरलेल्या रकमेत डोंबिवलीस हवेशीर घर घेतले. मुलांना अभ्यासाला स्वतंत्र खोली मिळाली, घरात नळ आला, संडासासाठी रांग राहिली नाही. आम्ही सुखी झालो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जे गेले त्यांनी चूक केली, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गरज होती, गेलो.

परंतु मातोश्रींचे काय झाले, तेही सांगतो. गिरगावात त्यांना दिवसातून दहा माणसे हाक मारीत. भाजीवाली त्यांच्यासाठी अळूची जुडी बाजूला ठेवी. दुखलेखुपले तर वाडीतील डॉक्टर जिना चढून येत. गणपतीत आरतीला त्यांची जागा ठरलेली असे. डोंबिवलीस त्यांना स्वतंत्र खोली मिळाली आणि त्या खोलीत त्या एकट्या बसू लागल्या. आम्ही सकाळी सातच्या गाडीने जात असू, रात्री आठला परतत असू. एकदा त्यांनी सहज विचारले, "खोलीचे पैसे आले, त्यात माझ्या शेजारणींचे किती धरले होते रे?" आम्ही हिशेबनीस, पण या रकमेचा आकडा आम्हांस आजतागायत काढता आला नाही. विकणाऱ्यास त्याचा मोबदला मिळत नाही आणि घेणाऱ्याच्याही ते ताब्यात येत नाही. ते केवळ नाहीसे होते.

१८९३ साली केशवजी नाईक चाळीत गिरगावचा पहिला सार्वजनिक गणपती बसला. आजही तेथे गणपती बसतो. वाड्यावाड्यांतील उत्सवांस पूर्वीचे रहिवासी विरारहून, बदलापूरहून गाड्या बदलून येतात, आरती करतात आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून घड्याळ पाहत निघतात. त्यांची श्रद्धा वाखाणण्याजोगी आहे. पण पुढची पिढी इतक्या दुरून येईल काय? वस्ती म्हणजे केवळ इमारती नव्हेत. वस्तीत शाळा असते, वाचनालय असते, किराणावाला उधारी देतो, शेजारी म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवतो. भाव वाढले आणि राहणारी माणसे गेली, की आधी मराठी शाळेचा पट घटतो, मग वाचनालयाचे वर्गणीदार, मग साहित्य संघातील नाटकाला पायी येणारा प्रेक्षक.

आता ज्या गोष्टीसाठी हे सर्व सांगितले, तिच्याकडे वळतो. आपल्या मंडळाची गिरगावातील इमारत आपल्या पूर्वजांनी एकेक रुपया वर्गणी जमवून घेतली. खाली सभागृह, वर विद्यार्थ्यांच्या अकरा खोल्या. या सभागृहात बसलेल्या कित्येकांनी त्या खोल्यांत राहून शिक्षण पुरे केले आहे. कोणी आज मोठे अधिकारी आहेत, कोणी डॉक्टर आहेत. या इमारतीस एका विकासकाची मागणी आली असून तो प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. देऊ केलेली रक्कम मोठी आहे. काही सभासदांचे मत असे की, आपली बहुसंख्य कुटुंबे आता ठाणे-डोंबिवलीकडे आहेत, तेव्हा ही जागा विकावी, तिकडे मोठे कार्यालय बांधावे आणि उरलेल्या पैशाच्या व्याजातून शिष्यवृत्त्या द्याव्यात. हे मत स्वार्थाचे नाही. त्याचा आदर केला पाहिजे.

तरीही आमचे मत विरुद्ध आहे. व्याजातून शिष्यवृत्ती देता येईल. पण लातूरहून, चिपळूणहून वा जळगावहून शिकण्यास आलेल्या मुलाने ती घेऊन मुंबईत राहावयाचे कोठे? शिष्यवृत्तीची सारी रक्कम खाटेच्या भाड्यात जाईल. भाव जसजसे वाढत जातील तसतशी आपल्या व्याजाची किंमत घटेल आणि खोलीची उपयुक्तता वाढेल. ज्या जागेची किंमत मोजून आपण हरखून जात आहोत, तशी जागा एकदा गेल्यावर मंडळास पुन्हा कधीही घेता येणार नाही. शिवाय ही मिळकत आपल्या कोणाची नाही. आपण विश्वस्त आहोत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकताही येत नाही. कायद्याने हा अडसर घातला आहे तो, एका पिढीला मोह पडला असता पुढच्या पिढीची ठेव वाचावी म्हणूनच.

इमारत जीर्ण झाली आहे, हे आम्हांस मान्य आहे. तिचा पुनर्विकास अवश्य व्हावा, पण मालकी मंडळाकडेच राहावी. अकराच्या जागी पंचवीस खोल्या व्हाव्यात. त्यांतील काही विद्यार्थ्यांसाठी, काही नोकरीस नुकत्याच लागलेल्या तरुण-तरुणींसाठी आणि दोन-तीन खोल्या रुग्णालयात उपचारांसाठी येणाऱ्या कुटुंबांसाठी ठेवाव्यात. भाडे बाजाराकडे पाहून नव्हे, तर राहणाऱ्याच्या कमाईकडे पाहून ठरवावे; मात्र इमारतीची दुरुस्ती भागेल इतके ते अवश्य असावे. १९४७ नंतरच्या गोठलेल्या भाड्यांनी काय झाले हे आपण पाहिले आहे. तीच चूक दयाबुद्धीने पुन्हा करू नये. राहण्याची मुदत ठरलेली असावी, म्हणजे एकाची सोय दुसऱ्याची अडचण होणार नाही. आणि काही खोल्या ज्ञातीबाहेरील गरजू विद्यार्थ्यांसही खुल्या असाव्यात. प्लेगनंतरच्या मुंबईत आपल्या वाडवडिलांस ज्यांनी पथारीपुरती जागा दिली, त्या सर्वांनी आधी ज्ञात विचारली नव्हती.

यास पैसा लागेल. ज्यांनी जुनी घरे विकून चांगली रक्कम मिळविली, त्यांनी तिचा अल्पसा अंश या कामी द्यावा, अशी आमची प्रार्थना आहे. आरंभ आपल्यापासून व्हावा, म्हणून फणसवाडीच्या खोलीच्या आठवणीप्रीत्यर्थ आमच्या मातोश्रींच्या नावे एका खोलीचा खर्च उचलण्याचे आम्ही आज या सभेपुढे कबूल करतो.

बंधुभगिनींनो, घराची किंमत बाजार ठरवितो; ती वाढेल, कदाचित उतरेल. घराचे मोल मात्र तेथे कोण राहते आणि कोणास राहता येते, यावरून ठरते. सर्वसाधारण सभेत मत देताना आपण सर्वांनी गावाहून येणारा तो मुलगा डोळ्यांसमोर आणावा. पहाटेच्या गाडीने तो उतरेल, हातात एक पिशवी आणि आपल्या मंडळाचा पत्ता असेल. त्या पत्त्यावर दार उघडणारे कोणी असावे, एवढेच आमचे मागणे आहे.